साबण सुकतो, बाई

कचेरीच्या कँटीनमध्ये सगळे तिला चिमूटबाई म्हणत. दीडशे माणसांच्या भाजीत मीठ घालायचं असलं तरी तिला ना चमचा लागायचा ना वाटी. हात बरणीत जायचा, बाहेर यायचा, आणि जेवढं पडायला हवं तेवढंच पडायचं. अठ्ठावीस वर्षांत माझी भाजी एकदाही खारट झाली नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. एकदा झाली होती, पण त्या दिवशी तिला ताप होता, म्हणून ती धरायची नाही.

त्या वर्षी कँटीनची फरशी आणि सांडपाण्याच्या नळ्या नव्यानं बसवायला काढल्या आणि चिमूटबाईला दोन महिने घरी बसायला सांगितलं. बसायची सवय नव्हती. त्यात घरी वन्सं होत्या. नवऱ्याची ही थोरली बहीण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवसांसाठी म्हणून आली होती, त्याला आता पाच महिने होत आले होते. वन्सं सरकारी खात्यात दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायच्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी बाजारात त्यांना पाहून अजून दोन-चार दुकानदार पटकन तराजू पुसायला घेत. चिमूटबाई अंदाजानं जगायची आणि वन्सं ग्रॅमनं. तीस वर्षं दोघी एकमेकींशी फार गोड बोलत आल्या होत्या, आणि एवढं गोड कोण कुणाशी बोलतं, ते जगाला ठाऊक आहे.

तर झालं असं. चिमूटबाईचा नवरा सायकली दुरुस्त करायचा. संध्याकाळी घरी आला की कोपरापर्यंत हात काळे. मग तो आधी स्वयंपाकघरातलं चमचाभर तेल हाताला चोळायचा, म्हणजे वंगण सुटायचं, आणि मग साबणानं ते तेल धुऊन काढायचा. हे ती लग्न झाल्यापासून बघत आली होती. पण आता वेळ होता. मोरीपाशी उभी राहून तिनं साबणाच्या नव्या वडीचं वेष्टण सोडवलं आणि मागचा बारीक मजकूर वाचला. त्यात लिहिलं होतं, स्निग्धांश शहात्तर टक्के.

"अहो, स्निग्धांश म्हणजे काय?"

"कंपनीला विचार," नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यात फेस गेला होता.

"स्निग्धांश म्हणजे तेल, चरबी," वन्सं खुर्चीतूनच म्हणाल्या. "आम्ही फक्त वजन बघायचो. आत काय आहे ते दुसरं खातं बघायचं."

चिमूटबाई वेष्टण हातात घेऊन तशीच उभी राहिली. तेलानं वंगण निघतं, साबणानं तेल निघतं, आणि साबण मुळात तेलाचाच? मग तेल काढणारं तेल तेलकट का नाही? हा भुंगा एकदा डोक्यात शिरला तो निघेना. रात्री जेवताना तिनं तेच विचारलं, सकाळी चहा गाळताना तेच. शेवटी नवरा म्हणाला, "एवढं आहे तर करून बघ की घरी. लोक करतात."

ग्रंथालयात एक पातळसं पुस्तक मिळालं. त्यात लिहिलं होतं की साबण म्हणजे तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा, बस्स. चिमूटबाई चमकली. कॉस्टिक सोडा तिच्या चांगला ओळखीचा होता. कँटीनची नळी तुंबली की प्लंबर तोच ओतायचा आणि सगळ्यांना दहा पावलं मागे हटवायचा. नळीतली घाण जाळणारी वस्तू अंगाला लावायच्या साबणात! पुस्तक म्हणत होतं की प्रमाण नीट जमलं तर शेवटी सोडाही उरत नाही आणि तेलही उरत नाही, दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी होतं. हे वाक्य तिनं चार वेळा वाचलं. तिसरंच काहीतरी होतं म्हणजे काय? कुठल्या क्षणी होतं? होताना दिसतं का?

एवढं कुतूहल चाळवल्यावर पुढची पानं वाचायला कुणाला धीर असतो? दुसऱ्याच दिवशी तिनं जुनं अॅल्युमिनियमचं पातेलं काढलं, रबरी हातमोजे चढवले, डोळ्यांवर नवऱ्याचा वेल्डिंगचा चष्मा लावला, पातेल्यात पाणी घेतलं आणि अंदाजानं सोडा टाकला. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी नाही, एवढं तिनं वाचलं होतं. बाकीचं पातेल्यानं शिकवलं. क्षणात आतून फसफस सुरू झाली, करडा फेस वर आला, नाकाला झोंबणारी वाफ उठली आणि पातेलं जणू कुणीतरी आतून खातंय असं काळं पडू लागलं. तिनं श्वास रोखून ते गॅलरीत नेऊन ठेवलं, दार लावलं आणि काचेतून बघत राहिली. घाबरली तर होतीच, पण काचेपासून हलली मात्र नाही.

"काय जळतंय?" वन्सं काठी टेकत आल्या.

"काही नाही, वन्सं."

वन्संनी काचेतून पातेलं पाहिलं, टेबलावरचं पुस्तक उचललं आणि उघडून वाचलं, "पान नऊ. अॅल्युमिनियमचं भांडं कदापि वापरू नये." मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "आणि सोडा किती घातलास?"

"अंदाजानं."

वन्सं रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त "अगं, ही भाजी नव्हे," एवढंच म्हणून त्या पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या.

चिमूटबाईला मिरच्या झोंबल्या. कपाटावर लग्नात आलेला स्वयंपाकघरातला काटा होता, गोल तबकडीचा, वर थाळी असलेला. तीस वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. तिनं तो पुसला, स्टीलचं भांडं घेतलं आणि पुस्तक ओळीओळीनं वाचून काढलं. तीनशे ग्रॅम खोबरेल, दोनशे ग्रॅम सूर्यफुलाचं तेल, अठ्ठ्याहत्तर ग्रॅम सोडा. सोडा मोजताना तर तिनं दाणा दाणा टाकला. काटा अठ्ठ्याहत्तरावर आला तसा हात थांबवला. पाण्यात सोडा विरघळला तेव्हा भांडं बाहेरून हात लावू नये इतकं तापलं. खाली ना गॅस, ना विस्तव. उष्णता आली कुठून? ते तिनं कागदावर लिहून ठेवलं. थंड झाल्यावर ते पाणी तेलात ओतून ती ढवळत बसली. अर्ध्या तासानं मिश्रण दाट झालं. चमच्यानं वर धार सोडली की तिची रेघ क्षणभर तशीच दिसायची आणि मग बुडायची. पुस्तकात हीच खूण दिली होती. दुधाच्या रिकाम्या खोक्यात तिनं ते ओतलं, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि दिवसभरात नऊ वेळा उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दिसायला पांढरीशुभ्र, देखणी वीट तयार झाली होती. तिनं दोन दिवस वाट पाहिली आणि मग पुस्तकातली परीक्षा घेतली. ओलं बोट साबणावर फिरवायचं आणि जिभेच्या शेंड्याला निसटतं लावायचं. तिनं लावलं आणि टुणकन उडाली. जिभेला झिणझिण्या आल्या, बॅटरीची टोकं चाटल्यासारख्या. साबणात सोडा उरला होता.

"परत अंदाज?" वन्संनी विचारलं.

"नाही हो! शपथ घेऊन सांगते, दाणा दाणा मोजला. अठ्ठ्याहत्तर म्हणजे अठ्ठ्याहत्तर." तिचा आवाज चढला. तीस वर्षांतला गोडवा त्या एका वाक्यात गळून पडला. "आयुष्यात पहिल्यांदा मापात वागले, आणि तरी तुमचं आपलं तेच!"

वन्संनी तिच्याकडे नीट पाहिलं. लबाड दुकानदार कसा दिसतो ते त्यांना माहीत होतं, आणि ही तशी दिसत नव्हती. त्या म्हणाल्या, "काटा आण. आणि माझ्या पलंगाखालची पेटीही आण. दोन्ही हातांनी उचल, जड आहे."

पेटीत आत मखमल होती. त्यात लहानापासून मोठ्यापर्यंत पितळी वजनं ओळीनं बसवलेली होती आणि शेजारी एक नाजूक चिमटा. चिमूटबाईनं एक वजन उचलायला बोटं पुढं केली तशी वन्संनी तिच्या हातावर चापट मारली. "बोटाचा घाम लागतो. वजन खोटं होतं." चिमट्यानं त्यांनी पन्नास ग्रॅमचं वजन थाळीवर ठेवलं. काटा चाळिसावर थांबला. मग आणखी दोन वजनं. थाळीवर खरे नव्वद, आणि काटा सत्त्याहत्तरावर. मग दोनशेचं ठेवलं, शेवटी अर्ध्या किलोचं, तेव्हा काटा सरळ दोनशेवर आणि पाचशेवर जाऊन उभा राहिला. वन्संनी तबकडीवर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही. नव्वद ठेवून टिचकी मारली की मात्र तो झटक्यात पुढं सरकत होता.

"चिकटतो," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसायला लागला. "थोडं वजन असलं की आळस करतो, जास्त ठेवलं की जागा होतो. तुझं तेल बरोबर होतं. सोडा मात्र अठ्ठ्याहत्तर म्हणून तू नव्वदच्या वर घातलास. चूक तुझी नव्हे, याची."

"म्हणजे मी बरोबर होते?"

"तू बरोबर होतीस." तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं होतं. चिमूटबाईला काय करावं सुचेना, म्हणून तिनं चहा टाकला.

तिसऱ्या वेळी दोघी मिळून बसल्या. वन्संनी आपला दोन पारड्यांचा छोटा तराजू मांडला. एका पारड्यात पितळी वजनं, दुसऱ्यात वाटीत सोडा. वन्सं चिमट्यानं वजन उचलत आणि चिमूटबाई चमच्यानं सोडा टाकी. "एक दाणा काढ," वन्सं म्हणत. "एका दाण्यानं काय होतंय?" "काढ." ढवळायला आळीपाळीनं बसल्या. हात बदलताना वन्संनीच विचारलं, "हे दाट होतंय म्हणजे नक्की काय होतंय?" मग दोघी एकाच पुस्तकावर वाकून वाचत बसल्या आणि मिश्रण भांड्यातच घट्ट होऊन बसायच्या बेतात आलं. चमच्यानं खरवडून कसंबसं खोक्यात भरलं. वीट ओबडधोबड झाली, पण जिभेला काही लागलं नाही. साबणाची चव लागली, आणि चिमूटबाईला ती चव फार आवडली. नवऱ्यानं एक तुकडा मोरीत नेला, तेव्हा तिनं हिसकावून घेतला. अजून महिनाभर सुकवायचा आहे, असं पुस्तक सांगत होतं.

आठ वड्या कापून कपाटावर कागद अंथरून मांडल्या. आता नुसतं थांबायचं होतं. पण थांबतील त्या वन्सं कसल्या? त्यांनी वही काढली, प्रत्येक वडीला आकडा दिला आणि दर रविवारी सकाळी आंघोळीच्या आधी वजन घ्यायला लागल्या. पहिल्या दिवशी तीन नंबरची वडी बरोबर शंभर ग्रॅम भरली होती. रविवारी ती पंच्याण्णव भरली. पुढच्या रविवारी ब्याण्णव, त्याच्या पुढच्या रविवारी नव्वद.

"पाणी उडतंय," चिमूटबाई म्हणाली. "कपडे वाळतात तसं. छान आहे की! म्हणजे साबण घट्ट होतोय."

वन्सं वहीकडे बघत राहिल्या. दुपारी जेवल्या नाहीत, दुखतंय म्हणाल्या. गुडघा का, म्हणून विचारलं तर नाही म्हणाल्या. चिमूटबाईला राहवेना. ती त्यांच्या पलंगावर पायाशी जाऊन बसली.

"वन्सं, झालं काय?"

वन्संनी वही पुन्हा उघडली. "बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक माणूस होता. घरी साबण बनवून विकायचा. कागदावर शिक्का मारायचा, वजन शंभर ग्रॅम. मी तपासलं तेव्हा एकही वडी शंभर भरली नाही. नव्वद, एक्याण्णव, अशाच सगळ्या. तो हात जोडून सांगत होता, 'साबण सुकतो, बाई. करताना शंभरच होता.' मी म्हटलं, सगळे असंच सांगतात. सगळा माल जप्त केला. दुकानाला महिनाभर टाळं लागलं. बावीस वर्षं झाली." त्यांनी वही मिटली. "मी एक वडी घरी आणून चार आठवडे ठेवून बघितली असती तर कळलं असतं. मला वाटलंच नाही बघावंसं. आयुष्यभर लोकांनी केलेलं तोललं, पण करून काही बघितलं नाही."

चिमूटबाईला खरं तर म्हणायचं होतं, जाऊ द्या, नोकरी होती तुमची. पण ते खोटं धीर देणं झालं असतं, आणि वन्संना खोटं वजन लगेच कळतं. ती म्हणाली, "तो माणूस अजून असेल?"

"कुणास ठाऊक."

"मग बघून येऊ की."

दुसऱ्या दिवशी दोघी रिक्षा करून गेल्या. वन्संच्या पिशवीत वही होती आणि रुमालात बांधलेली तीन नंबरची वडी. गल्ली तीच होती, दुकान मात्र वह्या-पेन्सिलींचं झालं होतं. गल्ल्यावर एक पन्नाशीची बाई बसली होती. साबणवाल्यांची चौकशी केल्यावर तिनं मागच्या पडद्याकडे तोंड करून हाक मारली, "बाबा, कुणी आलंय!"

पडद्यामागून एक हडकुळे गृहस्थ आले. त्यांनी वन्संकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले. "काटेबाई?"

"हो."

"आता दुकानात तोलायचं काही नाही हो. वह्या मोजून विकतो."

"मी तपासायला आले नाही," वन्सं म्हणाल्या. बसा म्हणायची वाट न पाहता त्यांनी रुमाल सोडला, वडी काउंटरवर ठेवली आणि शेजारी वही उघडली. शाळेतल्या मुलीनं चुकलेलं गणित बाईंना दाखवावं तसं एकेका आकड्यावर बोट ठेवत गेल्या. "हे पहिल्या दिवशी. हे पहिल्या रविवारी. हे काल. साबण सुकतो. तुम्ही खरं सांगत होतात, आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

मुलगी गल्ल्यावरून बापाकडे बघत होती. चिमूटबाई वन्संच्या जवळ सरकली. म्हातारा आता ओरडेल, की रडेल, की हात धरून बाहेर काढेल?

म्हाताऱ्यानं वहीचे आकडे शांतपणे वाचले. मग खाली बघून म्हणाला, "त्या महिन्यात बायकोनं मला रोज बोल लावले. शिक्क्यावर 'करताना शंभर' असं लिहायचं मलाच सुचलं नाही, म्हणायची. ती असती तर आज तुम्हाला चहा तरी पाजला असता." मग त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "पण एक सांगतो, बाई. साबणाचं तुमचं चुकलं, खरंय. पण तेव्हा मी साखरही विकायचो. साखरेच्या काट्याखाली मी चुंबक लावलेला होता. तो तुम्हाला दिसलाच नाही."

वन्संचं तोंड उघडंच राहिलं. "चुंबक? मी काटा उलटा करून बघितला होता!"

"टेबलाच्या खालून होता."

"टेबलाच्या खालून!" वन्सं एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की वही घ्यायला आलेली गिऱ्हाईक बाई दारातच थबकली. मग काय झालं कोण जाणे, आधी म्हातारा हसायला लागला, मग त्याची मुलगी, आणि शेवटी वन्सं. चिमूटबाईनं वन्संना दात दिसेपर्यंत हसताना आजवर पाहिलं नव्हतं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "म्हणजे टाळं लागलं ते बरोबरच, फक्त कारण चुकलं."

"असं नका म्हणू. साबणाचा राग तो साबणाचाच," म्हातारा म्हणाला, आणि हसणं जरा ओसरलं. "पण आलात, हे बरं केलंत."

मग त्यानं वडी उचलली. नाकाशी नेली, नखानं कड खरवडली, काउंटरवर ठोकून आवाज ऐकला. चिमूटबाई टाचा उंचावून बघत होती. परीक्षेचा निकाल लागावा तसं तिला झालं होतं.

"कुणी केला?"

"मी. म्हणजे आम्ही दोघींनी."

"खोबरेल जास्त घातलंय. फेस भरपूर येईल, पण कातडी कोरडी पडेल. आणि ढवळताना कुठंतरी रमलात तुम्ही. हे बघा, आत पांढरे ठिपके आहेत. हे घट्ट व्हायला लागल्यावर घाईघाईनं भरलेलं."

"पुस्तक वाचत होतो," चिमूटबाई ओशाळून म्हणाली. आणि आता समोर जाणकार माणूस होता, तेव्हा तिला थांबवणार कोण? "पण मला सांगा, खोबरेल कमी केलं तर सोडाही कमी करायचा ना? का? तेल ते तेलच, मग एकाला जास्त सोडा आणि दुसऱ्याला कमी, असं का? आणि पाण्यात सोडा टाकला की ते आपोआप तापतं ते कसं? आणि ते दोघं मिळून तिसरं होतं ना, ते नक्की कधी होतं, ढवळताना की टॉवेलमध्ये?"

म्हाताऱ्यानं मुलीकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची भांडी अजून माळ्यावर आहेत. मी टाकली नाहीत."

"एवढ्या सगळ्याची उत्तरं मला येत नाहीत," तो म्हणाला, "पण तेलातेलातला फरक हाताला कळतो, तो दाखवू शकतो. आत या. गुडघ्याला जपून, बाई, पायरी उंच आहे."

पडद्यामागच्या खोलीत एक लांब लाकडी टेबल होतं. मुलीनं शिडी लावून भांडी खाली काढली, सूर्यफुलाच्या तेलाचा डबा आणला. म्हातारा बाह्या सरसावत होता. चिमूटबाईनं पदर खोचला आणि त्याच्या हाताकडे डोळे लावून उभी राहिली. वन्सं मात्र अजून दाराशीच होत्या. मग काठी भिंतीला टेकवून, एक हात टेबलावर रोवून त्या हळूहळू खाली वाकल्या आणि टेबलाच्या खालच्या बाजूला हात फिरवून बघायला लागल्या.